सुभेदारिणीच्या लाल मुठीबद्दल खुलासा

मु. मुठा, ता. मुळशी
मंगळवार, २६ मे

तीर्थरूप दाजी यांस,

मुठ्याहून हैबतीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे साष्टांग कागदावरच घातला आहे, तो पोचला असं समजावं.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षर दिसायला त्रास होतो असं तुमचा रोहित म्हणाला, म्हणून हे पत्र अक्कानं मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. अक्का, तुलाही नमस्कार, पण तो मनातल्या मनात वाच, नाहीतर स्वतःच स्वतःला नमस्कार केल्यासारखं होईल.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आमच्या सौ. गोजराची तब्येत उत्तम आहे, दोन्ही म्हशींची त्याहून उत्तम आहे, माझी मात्र विचारू नका. झोपून उठलं तरी दमल्यासारखं वाटतं. डाव्या हाताच्या दोन बोटांना चटका बसलाय, त्यामुळे भाकरी मोडताना गोजराची मदत घ्यावी लागते आणि ती मदत करताना बोलत राहते. चटका कशाचा ते पुढे येईलच. तुमच्या छातीचे टाके दुखतात का, रात्री झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेता का, हे सगळं सविस्तर कळवावं. नुसतं ‘ठीक’ असं कळवू नये. ते तुम्ही पस्तीस वर्षं कळवताय.

हिंजवडी इथून उणीपुरी पस्तीस-चाळीस किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी पत्र लिहिणारा मुळशी तालुक्यात मी एकटाच असेन. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही. समक्ष यावं, तर तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा माणूस माझा फोटो काढतो, कुणाकडे, कशाला, किती वेळ असं विचारतो आणि रोहितच्या फोनवर माझी मंजुरी मागतो. मागच्या खेपेला रोहित मिटिंगमध्ये होता, तर मी दोन दुधी भोपळे काखेत धरून पाऊण तास गेटवर उभा होतो. म्हणून आता तुमच्या सोसायटीत भाजी टाकणाऱ्या कैलासबरोबर कागद पाठवतोय. भाजीला मंजुरी लागत नाही. शिवाय तुम्हीच सांगत आलात, की जे कागदावर नाही ते झालंच नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर तुमचं बायपास झालं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी हिंडायला-फिरायला, हलकंसलकं काम करायला मोकळीक दिली. आम्हाला वाटलं, आता तुम्ही येणार. आला तो निरोप. तो असा, की हैबती, तुझ्या गोठ्यातली गाडी भंगारवाल्याला देऊन टाक, मला तिचा आता उपयोग नाही. आणि परवा अक्काचा फोन, की पान्ह्यांची पेटीसुद्धा तुम्ही भंगारात द्यायला दाराशी काढून ठेवली होती आणि दिवसभर अकराव्या मजल्याच्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजता, जेवायला तीन-तीनदा हाक मारावी लागते. दाजी, हे ऐकून मला बरं वाटलं नाही. सव्वीस वर्षं ज्या माणसानं फौजेच्या गाड्या बर्फात आणि वाळूत उभ्या केल्या, त्यानं गॅलरीतून गाड्या मोजायच्या? पण मी लहान माणूस, बायकोचा धाकटा भाऊ, मी काय बोलणार. तुमच्या हुकमाची अंमलबजावणी चार महिने का झाली नाही, याचा खुलासा तेवढा तुम्ही मागायच्या आत देतो.

खुलासा म्हटला की सुरुवातीपासून. दोन वर्षांपूर्वी तुम्ही लष्कराच्या लिलावात ती हिरवी गाडी घेतलीत, सोसायटीत तिला जागा मिळेना, म्हणून ती माझ्या गोठ्यात आली आणि माझ्या म्हशी बाहेर पत्र्याखाली गेल्या. तुम्ही सुभेदार, म्हणून गावानं तिचं नाव सुभेदारीण ठेवलं. (अक्का, हे नाव मी ठेवलेलं नाही, हे मी याआधीही दोनदा सांगितलं आहे.) तुमच्या अटी दोनच होत्या. दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालवायचं, आणि ड्रायव्हरच्या सीटशेजारी बॅटऱ्यांच्या पेटीवर जी लाल मूठ आहे तिला हात लावायचा नाही. दुसरी अट माझ्यामुळेच आली, कबूल आहे. पहिल्याच महिन्यात मी इंजिन चालू असताना ती मूठ फिरवली आणि आतलं काहीतरी जळालं. (काय जळालं त्याचं नाव तुम्ही तेव्हा सांगितलं होतं, पण ते शिव्यांच्या मध्ये आलं आणि माझ्याकडून निसटलं.) मग तुम्ही ब्रश मागवलात आणि त्या मुठीवर पांढऱ्या रंगात, फौजी वळणाच्या अक्षरात लिहिलंत: ‘हात लावू नये. हुकमावरून.’ तेव्हापासून गावात त्या मुठीला जो मान आहे तो सरपंचांनाही नाही. माणसं गाडी बघायला येतात, पाटी वाचतात आणि हात पाठीमागे बांधून उभी राहतात. ही पाटी लक्षात ठेवा. सगळं रामायण तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

वरच्या धनगरवाड्यावरचा धुळा तुम्हाला आठवत असेल, तुमच्यासाठी घोंगडी घेऊन आला होता तो. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर त्याच्या मेंढरांना आंत्रविषाराची लस द्यायची होती. ती लस सतत थंडगार लागते. बर्फाच्या डब्यातून नेली, पण वरची वाट धुपलेली, ट्रॅक्टर दोनदा रुतला, चार वाड्यांवर फिरता फिरता बर्फाचं पाणी झालं आणि लसही वाया गेली. नवीन लस येईपर्यंत पाऊस लागला, वाट बंद झाली आणि धुळाची अडतीस कोकरं गेली. अडतीस. धुळानं ती एका खड्ड्यात पुरली आणि नंतर पंधरा दिवस तो खाली गावात उतरलाच नाही. यंदा आपल्या गुरांच्या दवाखान्यात वैष्णवी डॉक्टर नावाच्या नव्या बाई आल्यात. अंगानं बारीक, आवाजानं जाड. त्यांच्याकडे गाडीतल्या विजेवर चालणारी थंड पेटी आहे, छोट्या फ्रीजसारखी, पण त्यांची गाडी त्या वाटेवर चढत नाही. त्या वाटेवर न थांबता चढेल अशी गाडी मुठा खोऱ्यात एकच आहे. ती भंगारात द्यायचा तुमचा हुकूम माझ्या खिशात, आणि दारात धुळा उभा. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं. तेव्हा हुकूम खिशातच राहिला.

इथून माझे हाल सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी पेटी आणली, मी आनंदानं तिची पिन सुभेदारिणीत खुपसायला निघालो, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. (गोजरा बघत होती. त्याचाही वेगळा खुलासा झाला.) पेटी बारा व्होल्टची आणि गाडी चोवीसची, म्हणाल्या, लावलीत तर पेटी जाईल. मला वीज कळत नाही, दाजी. मला वाटलं, पाहिजे त्याहून जास्त आहे, म्हणजे चांगलंच आहे. पण त्यांनी सांगितलं की मध्ये चोवीसचे बारा करणारं यंत्र लागतं, त्याला कन्व्हर्टर म्हणतात, ते नीट माणसाकडून बसवून घ्या. नीट माणूस अकराव्या मजल्यावर बसलेला. म्हणून मी भुकूमच्या हृतिककडे गेलो.

हृतिकचं तिकडे नव्या इमारतींच्या तोंडाशी गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीटकव्हर, स्पीकर, गाडीच्या पोटाखाली निळे दिवे, असलं सगळं तो बसवतो. माणूस मनमिळाऊ. गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि हसायला लागला. म्हणाला, ‘‘काका, कन्व्हर्टर कशाला घेताय? हितं बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस केलंय. आपण एकाच बॅटरीवरनं वायर घिऊ, बारा आयते मिळतात. फौजवाल्यांना कळलं न्हाई.’’ मला ते फार पटलं. तुम्ही सव्वीस वर्षं फौजेत काढून जे तुम्हाला सुचलं नाही ते भुकूमच्या हृतिकला दोन मिनिटांत सुचलं, याचा मला (खरं लिहितो) थोडा आनंदही झाला. वायर घेतली, डॅशबोर्डवर चार्जिंगची चार भोकं बसवली, पेटी लावली, पेटी गार झाली. मी हृतिकला जेवून जा म्हटलं.

त्याच आठवड्यात वळवाच्या वाऱ्यानं विजेचा खांब आडवा झाला आणि गावाची वीज तीन दिवस गेली. कुणीतरी माझ्या गोठ्यात येऊन मोबाइल लावला. मग दुसरं कुणी आलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात नंबर लागले. बाया फोन लावून तिथंच बसायच्या, कारण फोन सोडून जायचं कुणालाच धाडस होत नव्हतं, आणि बसलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, म्हणून गोजरा चूल सोडेना. मी आपला मध्येमध्ये इंजिन चालवायचो, म्हणजे बॅटऱ्या भरतील. चौथ्या दिवशी गोठ्यात नासक्या अंड्यांचा वास सुटला. गोजरानं आधी म्हशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी बॅटऱ्यांची पेटी उघडली, तर एक बॅटरी पार मेलेली आणि दुसरी भाताच्या पातेल्यासारखी रटरट उकळतेय. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, विडी पेटवणाऱ्याला तर त्याच्या आईच्या नावानं बाहेर काढलं, आणि मग मला समजावलं. एकाच जुवाचे दोन बैल, त्यातल्या एकालाच राबवलं आणि वैरण मात्र दोघांना सारखी टाकली. राबलेल्याला पुरत नाही आणि बसलेल्याला अपचन होतं. इंजिन बिचारं दोघांची मिळून बेरीज बघतं, कोण उपाशी आणि कोण तुडुंब ते त्याला कळत नाही. बैलाचं मला लगेच कळलं. हे मला आधी कुणी बैलात सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दोन्ही बॅटऱ्या नव्या घ्याव्या लागल्या. (किंमत लिहीत नाही. तुमच्या हृदयाला धक्का नको.) मग मी पुण्याला तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन खरा कन्व्हर्टर आणला. पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा डबा, त्याला बाहेरून फण्या. हृतिक पुन्हा आला, यावेळी हसत नव्हता. डबा बसवला, पण पेटी कधी चालू, कधी बंद. निगेटिव्हची तार त्यानं गाडीच्या अंगाला जोडली होती, पण फौजेनं त्या अंगाला इतके हात रंग दिलेत की तार नुसती रंगालाच चिकटलेली, लोखंडाशी तिची गाठच नाही. म्हणून खरवडलं. जिथं खरवडलं तिथं तुम्ही मागच्या वर्षी दोन दिवस उकिडवं बसून स्वतःच्या जुन्या युनिटचं निशाण रंगवलं होतं. त्याचा अर्धा भाग आता नाही. दाजी, याबद्दल मी हात जोडून माफी मागतो. अक्का, इथं जरा थांब, त्यांना पाणी दे, मग पुढं वाच.

पेटी नीट चालली, पण तासाभरानं बंद पडली. थंड झाल्यावर पुन्हा चालू, पुन्हा बंद. दोन दिवस हे कोडं सुटेना. मग कळलं की कन्व्हर्टरवर गोठ्यातली धूळ बसू नये म्हणून गोजरानं त्याला जुन्या लुगड्याची दुपट्याएवढी गोधडी शिवून घातली होती, आतून कापूस. ज्या फण्यांनी त्यानं गरमी बाहेर टाकायची, त्याच फण्या तिनं मे महिन्यात मायेनं गुंडाळल्या होत्या. काढ म्हटलं तर रुसली. शेवटी गोधडी सीटवर घातली, ती तुम्ही आल्यावर तुमच्या पाठीशी येईल.

आता ज्या दिवशी बोटं भाजली तो दिवस. लस आणायच्या आधी एकदा रिकामी पेटी वर नेऊन बघू, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. मी गाडी चालवायला, शेजारी डॉक्टर, मागं हृतिक, धुळा आणि बाजारातून परत निघालेली धुळाची आई अंबाबाई. सुभेदारीण एका दमात वर चढली, एकदाही कण्हली नाही. तुम्ही असायला हवे होतात. वाड्यावर पोचलो, सगळी माणसं गोळा झाली, मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून दोन शब्द बोलणार, एवढ्यात डॅशबोर्डाखालून धूर. चावी काढली. तरी धूर. चावी हातात घेऊन मी ती तीनदा पाहिली, हीच आहे ना म्हणून. धूर वाढला. मग वायर लाल झाली आणि तिच्यावरचं प्लास्टिक वितळून थेंब थेंब पडायला लागलं. मी ती ओढायला गेलो, तिथं बोटं भाजली.

(झालं होतं असं, ते नंतर कळलं. हृतिकनं फ्यूज लावला होता, पण वायरीच्या पार शेवटी, कन्व्हर्टरपाशी, हाताला सोपा पडतो म्हणून. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडी. ती पत्र्याच्या एका भोकातून आणलेली, भोकाला रबराची कडी नाही, चढणीच्या धक्क्यांनी पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली आणि थेट गाडीच्या अंगाला टेकली. फ्यूज शेवटी बसून मजा बघत राहिला. चावीचा आणि त्या वायरीचा तर संबंधच नव्हता.)

आणि आता ती पाटी. दाजी, धूर निघतोय, डॉक्टर ओरडतायत की मेन स्विच बंद करा, आणि मेन स्विच म्हणजे तीच लाल मूठ. मला माहीत होतं. हृतिकला माहीत होतं. आम्ही दोघं मुठीपासून हातभर अंतरावर उभे. मी हात पुढं केला, पाटी वाचली, हात मागं घेतला. हृतिकनं हात पुढं केला, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं. धुळा चौथीपर्यंत शिकलेला, त्यानंही एक एक अक्षर लावून वाचली आणि दोन पावलं मागं सरकला. तुमच्या हुकमाला इतकी माणसं इतक्या धुरात कधी जागली नसतील. डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाजूला, त्यांचा हात पोचेना. तेवढ्यात अंबाबाई मागच्या सीटवरनं पुढं वाकली, करकचून मूठ फिरवली आणि डोक्यावरची घोंगडी काढून त्या लाल वायरीवर दाबून धरली. धूर थांबला. मी म्हटलं, अंबाबाई, अहो, पाटी होती! तर म्हातारी म्हणाली, ‘‘मला कुटं वाचता येतंय! जाळ व्हायला लागलाय, हितं लाल मूठ हाय, मंग ती फिरवायची न्हाई तर काय पुजायची व्हय?’’ आम्ही तिघं शिकलेले खाली बघत उभे राहिलो.

घोंगडीला काही झालं नाही, लोकर आहे, नुसता वास लागला. गाडी वाचली. विझलेली वायर कुठवर जळली ते बघायला धुळानं ड्रायव्हरची सीट उचलली, तर खाली पत्र्याची डबी. डबीत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तुमच्या अक्षरातला कागद. आधी निगेटिव्ह तार काढावी आणि मगच हात घालावा. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत. प्रत्येक भोकाला रबराची कडी. रंग खरवडून लोखंड चकचकीत करावं, तार आवळल्यावर वर ग्रीस. कन्व्हर्टर उघड्या हवेत, फण्या उभ्या. चावी काढली की कन्व्हर्टरही बंद झाला पाहिजे, नाहीतर बॅटऱ्या उभ्या-उभ्या उतरतील. खाली चित्र, रंगीत पेन्सिलीनं. म्हणजे आम्ही जे जे चुकलो ते सगळं माझ्या बसण्याखाली दोन वर्षं लिहून ठेवलेलं होतं.

कागदाच्या डोक्यावर तुम्ही लिहिलंय: ‘पंखा. सौ.साठी. घाटात तिला मळमळतं.’

अक्का, इथं थांबू नकोस, पुढं वाच.

तर तुम्ही ही गाडी कशाला घेतली होती हे मला त्या दिवशी कळलं. गावाला वाटत होतं फौजेची हौस. मलाही तेच वाटत होतं. कागद वाचल्यापासून मला तुमचा रागही येतोय आणि दुसरंही काहीतरी होतंय, ते लिहिता येत नाही. एवढी तयारी करून माणूस गाडी भंगारात द्यायला निघतो? आणि वर पान्ह्यांची पेटी दाराशी काढून ठेवतो?

असो. आम्ही तुमच्या कागदाबरहुकूम सगळं पुन्हा नव्यानं केलं. हृतिक गोट्यांच्या डावासारखी वीत मोजत बसला होता. फ्यूज वितीच्या आत आहे, भोकांना कड्या आहेत, ग्रीस आहे, फण्या उभ्या आहेत. आणि तरीही कन्व्हर्टर चालत नाही. दिवा लागत नाही, पेटी गार होत नाही, काही म्हणजे काही नाही. डॉक्टरीणबाईंची लसीची तारीख पुढच्या गुरुवारची, ४ जूनची. पावसाचा भरवसा नाही. धुळा रोज संध्याकाळी येतो, गाडीकडे बघतो आणि निघून जातो. माझी अक्कल संपली, हृतिकची तर केव्हाच संपली. मी आता थकलो, दाजी. या वयात माणसानं म्हशी सांभाळाव्यात, चोवीस व्होल्ट सांभाळू नयेत. तेव्हा दोन गोष्टींपैकी एक करावी. एक तर तुम्ही स्वतः येऊन दोष कुठं आहे तो दाखवावा, नाहीतर मी ५ तारखेला तुमच्या पहिल्या हुकमाप्रमाणे भंगारवाल्याला बोलावतो. येताना पान्ह्यांची पेटी आणावी. आमच्याकडे एकच पाना आहे आणि तोही म्हशीच्या खुंट्याला ठोकलाय. रोहितला घेऊन या, त्याला सुट्टी नसेल तर मी गेटवर येऊन उभा राहतो, फोटो काढू देतो.

घरातल्या सर्वांना यथायोग्य.

तुमचा आज्ञाधारक (निदान पाटीपुरता तरी),
हैबती

ता. क. १. निशाणाचा अर्धा भाग गेला असं वर लिहिलंय. नीट पाहिलं तर पाऊण गेलाय. रंग आणि ब्रश आणून ठेवलेत. बाकी जमेल, पण तसं अक्षर आणि तशी रेघ इथं कुणाला येत नाही.

ता. क. २. हे फक्त अक्कासाठी. अक्का, हे मोठ्यानं वाचू नकोस, खोकला आल्यासारखं कर आणि मनात वाच. कन्व्हर्टर उत्तम चालतो. लस गेल्या गुरुवारीच देऊन झाली. चारही वाडे केले, पेटी शेवटपर्यंत गार होती, डॉक्टरीणबाईंनी दर तासाला काटा बघितला. धुळाच्या एकूण एक कोकराला सुई लागली. धुळा नुसता गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्यानंतर मी फ्यूज काढून घेतला. तो गोजराच्या मिसळणाच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत आहे. ‘ठीक आहे, चाललंय’ असं लिहिलं असतं तर ते आले नसते. कुठं काही बिघडलेलं असल्याशिवाय ते कधी आलेत? तू पान्ह्यांची पेटी पलंगाखाली सरकवलीस ते बरं केलंस, ते निघेपर्यंत तिथंच राहू दे.

ता. क. ३. हेही मनातच वाच. एक छोटा पंखा आणलाय, बारा व्होल्टचा. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, तुझ्या तोंडाकडे फिरवून बसवलाय. सगळं केलंय, फक्त त्याची लाल तार जोडलेली नाही. ती आम्ही कुणी जोडायची नाही असं ठरवलंय.

ता. क. ४. दाजी, अक्काला खोकला आला की तुम्ही चष्मा लावता, तिच्या हातातनं कागद घेता आणि सावकाश सगळं वाचून काढता, हे मला तिच्या लग्नापासून माहीत आहे. तेव्हा वरचं वाचलंच असेल. तर आता सरळच लिहितो. बिघडलेलं काही नाही, तरीही या. पंख्याच्या तारेवर मी तुमच्यासारखीच पाटी लावली आहे: ‘दाजींशिवाय कुणी हात लावू नये. हुकमावरून.’ गाव ती पाळतंय. पण अंबाबाई दर बाजाराला गाडीतनं येते, आणि तिला वाचता येत नाही. तेव्हा लवकर या.